पदवी हातात आहे, नोकरी नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईकडे नोकरीसाठी आलेले पदवीधर, पदविकाधारक व आयटीआय झालेले तरुण, तसेच मध्येच नोकरी गेलेले अनुभवी कर्मचारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उमेदवारांचे अर्ज आणि मुलाखती जवळून पाहताना मला जे पटले तेच लिहिले आहे. सगळ्यांना ते सोयीचे वाटेलच असे नाही.

सरकारी आकडेवारीत बेरोजगारी तीन-साडेतीन टक्के दिसते. मग माझ्या वर्गातली निम्मी मुले घरी कशी?

आकडा आणि तुमचा अनुभव, दोन्ही खरे असू शकतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या आवर्ती श्रमबल सर्वेक्षणात २०२३-२४ साली पंधरा वर्षांवरील लोकसंख्येचा बेरोजगारी दर ३.२ टक्के होता. मात्र या मोजणीत, ज्याने मागील ३६५ दिवसांत दुय्यम म्हणून का होईना, ३० दिवस काही काम केले, त्यालाही रोजगार असलेला धरतात. वडिलांच्या दुकानात किंवा घरच्या शेतात बिनपगारी हातभार लावणारा अभियंता त्यामुळे बेरोजगारांच्या रकान्यात येत नाही. त्याच सर्वेक्षणात १५ ते २९ या वयोगटाचा दर १०.२ टक्के आहे आणि शिक्षण वाढते तसा हा दर कमी न होता वाढत जातो. पदवीधराला नोकरी मिळणे अवघड झाले आहे, ही तुमची कल्पना नव्हे. स्वतःला दोष देण्याआधी एवढे लक्षात ठेवावे, असे मला कळकळीने वाटते.

कॅम्पसमध्ये निवड झाली, पत्रही आले, पण रुजू होण्याची तारीख पुढे पुढे जात आहे. थांबावे का?

थांबू नये. महासाथीच्या काळात माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी भरमसाट भरती केली आणि २०२२ च्या उत्तरार्धात परदेशातील मागणी मंदावल्यावर ती आखडती घेतली. त्या वर्षी निवड झालेल्या कित्येक मुलांना वर्ष-दीड वर्ष, काहींना त्याहूनही अधिक काळ वाट पाहावी लागली. रुजू होईपर्यंत तुम्ही त्या कंपनीचे कर्मचारी नसता, त्यामुळे वाट पाहण्याच्या काळाचा पगार कोणी देत नाही. दर महिना-दीड महिन्याने एक सभ्य, छोटा ईमेल पाठवून नोंद ठेवावी आणि दरम्यान दुसरी नोकरी किंवा शिकाऊ उमेदवारी मिळत असेल तर ती घ्यावी. पुढे बोलावणे आलेच तर त्या वेळी निर्णय घेता येतो. वाया गेलेले वर्ष मात्र परत येत नाही.

रोज तीस-चाळीस ठिकाणी अर्ज करतो, एकही उत्तर येत नाही. कुठे चुकते आहे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

नौकरी डॉट कॉम किंवा लिंक्डइनवरच्या एका साध्या जाहिरातीला दोन दिवसांत शेकडो, कधी हजारो अर्ज येतात. भरती करणारी व्यक्ती ते सगळे उघडत नाही. ती कौशल्याचे शब्द, अनुभवाची वर्षे, शहर आणि नोटीस पिरियड टाकून शोध घेते, आणि समोर येणाऱ्या पहिल्या काही पानांतून पंधरा-वीस जणांना फोन करते. अशा शोधात ज्यांची माहिती नुकतीच अद्ययावत झाली आहे ते बहुधा वर दिसतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा आपल्या प्रोफाइलमध्ये एखादी खरी दुरुस्ती करणे, हे त्याच दिवशी केलेल्या दहा आंधळ्या अर्जांपेक्षा उपयोगी पडते.

रिझ्युमेबद्दल माझे मत ठाम आहे. दोन रकान्यांची, रंगीत पट्ट्यांची, कौशल्यांपुढे तारे काढलेली आयती डिझाइन वापरू नयेत. अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ती अनेकदा नीट वाचता येत नाहीत आणि माणसालाही त्यातून काही कळत नाही. वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, धर्म, छंद, आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ अशी सही, हे सगळे काढून टाकावे. नवख्या उमेदवाराला एक पान पुरते. ‘मेहनती’, ‘टीममध्ये काम करण्याची आवड’ या शब्दांना किंमत उरलेली नाही, कारण ते प्रत्येकानेच लिहिलेले असतात. त्याऐवजी आपण केलेले काम मोजून सांगावे. व्हीएमसी (धातू कापणारे संगणक-नियंत्रित यंत्र) चालवणाऱ्या ऑपरेटरने ‘सीएनसीचे ज्ञान’ एवढेच न लिहिता कोणत्या कंट्रोलवर काम केले, सेटिंग स्वतः करता येते की केवळ जॉब लोड करता येतो, मायक्रोमीटर व बोअर गेज वापरता येतात का आणि एका शिफ्टमध्ये किती नग काढले, हे लिहावे. वाणिज्य शाखेच्या मुलीने ‘टॅली येते’ याऐवजी कोणाच्या हाताखाली, किती महिने, कोणत्या नोंदी केल्या आणि जीएसटीची कोणती विवरणपत्रे भरली, हे लिहावे. जाहिरातीत आलेला शब्द तुमच्या बाबतीत खरा असेल तर तोच शब्द जसाच्या तसा वापरावा, कारण शोध त्या शब्दाचाच होतो.

आणखी एक गोष्ट उमेदवारांना क्वचितच कोणी सांगतो. दिसणारी प्रत्येक जाहिरात जिवंत नसते. काही जागा भरून झालेल्या असतात पण जाहिरात काढलेली नसते, काही ठिकाणी आतल्या उमेदवाराची निवड आधीच झालेली असते, तर काही संस्था पुढे उपयोगी पडतील म्हणून रिझ्युमे गोळा करत असतात. अशा ठिकाणचे मौन तुमच्या लायकीबद्दल काहीच सांगत नाही. आठवड्याला दोनशे अर्जांऐवजी पंधरा अर्ज करावेत, पण प्रत्येकासाठी रिझ्युमेच्या वरच्या चार ओळी बदलाव्यात, आणि कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या पदासाठी अर्ज केला याची वही ठेवावी. दोन महिन्यांनी फोन येतो आणि कोणती कंपनी हेच उमेदवाराला आठवत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे.

ओळखीशिवाय नोकरी मिळतच नाही, हे खरे आहे का?

वशिला आणि शिफारस यांत फरक करायला हवा. लायकी नसताना दबावाने लावलेली वर्णी म्हणजे वशिला. कर्मचाऱ्याने आपल्या माहितीतल्या माणसाचा अर्ज आतून पुढे करणे ही मात्र बहुतेक मोठ्या कंपन्यांत राजरोस चालणारी पद्धत आहे, आणि निवड झाल्यास शिफारस करणाऱ्याला बक्षीसही मिळते. त्यामुळे विचारण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. गावाकडून आलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवी मिळवलेल्या मुलांना ही वाट ठाऊकच नसते आणि हा मला मोठा अन्याय वाटतो.

विचारण्याची रीत महत्त्वाची आहे. ‘सर, काही जॉब असेल तर सांगा’ या संदेशाला उत्तर येत नाही, कारण वाचणाऱ्याने नेमके काय करायचे हे त्यात नसते. त्याऐवजी असे लिहावे: ‘नमस्कार सर, मी आपल्याच महाविद्यालयाचा २०२४ चा विद्यार्थी. आपल्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा निघाली आहे, तिचा क्रमांक खाली दिला आहे. मी सहा महिने याच कामावर शिकाऊ उमेदवार होतो. आपल्याला योग्य वाटल्यास माझा अर्ज आतून पुढे पाठवाल का? रिझ्युमे सोबत जोडला आहे.’ उत्तर आले नाही तर आठवड्याने एकदा आठवण करावी, त्यानंतर थांबावे.

चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, सातपूर अशा औद्योगिक वसाहतींत तर बरीचशी भरती पोर्टलवर येतच नाही. लाइनवर माणसे कमी पडली की ठेकेदाराला फोन जातो आणि ठेकेदार आधीच्या कामगारांना विचारतो. खोलीवरचा जोडीदार आणि आधीच्या कंपनीतला सुपरवायझर ही तिथली खरी पोर्टले आहेत.

ठेकेदारामार्फत मिळणारे काम घ्यावे का?

घरी बसण्यापेक्षा घ्यावे, पण भविष्य निर्वाह निधी कापला जातो का आणि तो खात्यात जमा होतो का, हे पहिल्या दोन महिन्यांतच तपासावे. यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचा कायम क्रमांक, स्वतःच्या मोबाइलला जोडून घेतला की पासबुक ऑनलाइन दिसते. कापलेले पैसे तिथे दिसत नसतील तर ते काम लवकरात लवकर बदलावे. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापनेला कर्मचारी राज्य विमा लागू असेल तर त्यासाठी कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के भरले जातात, आणि त्यातून घरच्यांच्याही उपचाराची सोय होते. पगार रोखीने, पावती नाही, ओळखपत्र नाही, अशा ठिकाणी केलेला अनुभव पुढे सिद्ध करता येत नाही.

शिकाऊ उमेदवारी आणि सरकारी प्रशिक्षण योजनांचा उपयोग होतो का?

होतो, मर्यादा समजून घेतल्या तर. शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्याखाली चालते. आयटीआयच्या मुलांनी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेच्या पोर्टलवर आणि पदवी-पदविकाधारकांनी नॅट्स या त्यांच्यासाठीच्या केंद्रीय शिकाऊ योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करावी. विद्यावेतन कमी असते आणि उमेदवारी पूर्ण झाल्यावर त्याच कंपनीने कायम करावे असे बंधन नसते. पण प्रमाणपत्राला वजन आहे. रेल्वेच्या लेव्हल एकच्या (सर्वांत खालच्या वेतनस्तराच्या) भरतीत तर रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखीव असतात.

राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. आधी सहा महिने असलेली मुदत पुढे अकरा महिने झाली. कार्यालयात नुसते बसवून ठेवले जात असेल तर संगणकावरचे एखादे काम मागून घ्यावे, कारण मुदत संपल्यावर हातात काय उरले, हाच प्रश्न पुढची मुलाखत घेणारा विचारणार आहे. महास्वयम् पोर्टलवरची नोंदणी आणि जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे मेळावे यांचीही माहिती ठेवावी. मेळाव्याला जाताना कोणत्या कंपन्या येणार आहेत याची यादी आधी पाहावी. नाहीतर दिवसभर रांगेत उभे राहून केवळ अर्ज टाकून परत यावे लागते.

चार-पाच वर्षे स्पर्धा परीक्षेत गेली. आता खासगी नोकरीच्या मुलाखतीत या काळाबद्दल काय सांगू?

खरे सांगा. २०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते आणि २०२४ च्या पोलीस भरतीत सुमारे साडेसतरा हजार पदांसाठी सतरा लाखांहून अधिक. या गणितात न बसलेला प्रत्येक जण अपात्र होता, असे कोणताही समंजस माणूस म्हणणार नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दिवसाचे बारा तास बसणारी, कॉट बेसिसवर (एका खाटेपुरते भाडे देऊन) राहणारी आणि मेसचा डबा दोन वेळा पुरवून खाणारी ही मुले आळशी नाहीत. मुलाखतीत मात्र ती मान खाली घालून बोलतात आणि तिथेच निम्मी बाजी जाते.

दोन वाक्ये पुरतात: ‘२०२० ते २०२४ मी राज्यसेवेची तयारी केली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो. आता तो प्रयत्न थांबवला आहे आणि गेले चार महिने अमुक कौशल्य शिकलो आहे.’ त्यानंतर हमखास येणारा प्रश्न असतो, ‘पुन्हा परीक्षेची जाहिरात आली तर जाल का?’ याचे उत्तर आधी स्वतःशी ठरवून ठेवावे. मनात अजून परीक्षा असेल तर नोकरी करत किती प्रयत्न करणार आणि कोणत्या वर्षी थांबणार, हे कागदावर लिहून घरच्यांना दाखवावे. पहिला पगार बरोबरीच्या मित्रांपेक्षा कमी असेल आणि वरिष्ठ वयाने लहान असेल. हे गिळणे जड जाते, पण दीड-दोन वर्षांत बरेच अंतर भरून निघते.

अनुभवाचे प्रमाणपत्र विकत मिळते म्हणतात. बरेच जण घेतात. मी घेऊ का?

अजिबात नाही. कंपन्या पार्श्वभूमीची पडताळणी करतात. यूएएनवर तुमच्या नोकऱ्यांचा इतिहास दिसतो आणि पगार झाला असेल तर त्याची खूण बँकेत असते. हे रुजू झाल्यावर वर्षाने उघड झाले तरी नोकरी जाते आणि मग खरा असलेला अनुभवही सांगता येत नाही.

नोकरीसाठी आधी पैसे मागतात. कोणते पैसे रास्त समजावेत?

सरकारी परीक्षेचे अधिकृत संकेतस्थळावर भरायचे शुल्क सोडले तर कोणतेही नाहीत. नोंदणी फी, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचा खर्च, ‘साहेबांना द्यायचे’, कारण कोणतेही असो. टेलिग्रामवर व्हिडिओला लाइक देऊन पैसे मिळवण्याचे काम हाही सापळाच आहे. आधी शंभर-दोनशे रुपये देतात आणि मग हजारो भरायला लावतात. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

परदेशातील नोकरीसाठी एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पाहावे. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून पर्यटक व्हिसावर नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमार आणि कंबोडियातील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून ठेवल्याच्या घटना अलीकडच्या आहेत. पर्यटक व्हिसावर नोकरीसाठी कधीही जाऊ नये.

इंग्रजी बोलताना अडखळतो. मुलाखत कशी द्यावी?

पाठ केलेले इंग्रजी लगेच ओळखू येते आणि पहिल्याच उपप्रश्नाला कोसळते. स्वतःचा परिचय आणि आपण केलेले एक काम, एवढे दोनच विषय घ्यावेत, ते आधी मराठीत नीट सांगून पाहावेत आणि मग साध्या, लहान इंग्रजी वाक्यांत मोबाइलवर रेकॉर्ड करावेत. पंधरा दिवस रोज ऐकावे आणि पुन्हा बोलावे. कारखान्यातील तांत्रिक मुलाखतीत ‘हा भाग हिंदीत किंवा मराठीत सांगू का?’ असे विचारलेले बहुतेक ठिकाणी चालते. समोरच्याला ड्रॉइंग वाचता येते का, हे पाहायचे असते.

तीन लाख साठ हजारांचे पॅकेज म्हणजे महिन्याला तीस हजार ना?

नाही, आणि या गैरसमजावर घरभाडे ठरवू नये. मूळ वेतन १५,००० धरले तर दरमहा ३०,००० मधून कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२०, दहा टक्के बदलते वेतन असल्यास ३,००० आणि विम्याचे समजा ५००, एवढे आधीच बाजूला होते. उरलेल्या सुमारे २४,००० मधून तुमचा हिस्सा १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २२,००० च्या आसपास येतात. पत्र स्वीकारण्यापूर्वी ‘दरमहा हातात किती?’ हे विचारणे उद्धटपणाचे नाही.

दोन वर्षांचा बाँड मागतात. सही करावी का?

मुदतीआधी नोकरी सोडल्यास ठरलेली रक्कम भरेन, असे लिहून देणे म्हणजे बाँड. तो निव्वळ कागद असतो, हा समज आता सोडायला हवा. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची किमान सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. तेथे भरतीचा मोठा खर्च करणाऱ्या सार्वजनिक बँकेचा प्रश्न होता. प्रत्येक खासगी कंपनीची वाटेल ती रक्कम त्यामुळे योग्य ठरत नाही. रक्कम, मुदत आणि त्या बदल्यात मिळणारे प्रशिक्षण या तिन्ही गोष्टी वाचून, प्रत घेऊनच सही करावी. मूळ गुणपत्रिका व प्रमाणपत्रे मात्र कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत. दाखवावीत आणि परत घ्यावीत.

वयाच्या चाळिशीत नोकरी गेली. सुरुवात कुठून करू?

कागदांपासून. ‘आजच राजीनामा द्या’ असा दबाव आला तर घरी जाऊन विचार करण्यासाठी वेळ मागावा आणि जे बोलणे झाले ते त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवावे. अनुभवपत्र, कार्यमुक्तीचे पत्र, शेवटच्या पगारपावत्या, रजेचे पैसे, आणि सलग पाच वर्षे सेवा झाली असल्यास ग्रॅच्युइटी, यांचा हिशेब लेखी घ्यावा. नोकरकपातीला मोठ्या कंपन्याही अपवाद नाहीत. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२,००० कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि त्यांत मधल्या व वरच्या फळीतील लोक अधिक असतील असे सांगितले. कर्मचारी राज्य विम्यात असलेल्यांनी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करावी. तिच्यात अटी पूर्ण झाल्यास सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळते. कंपनीचा आरोग्य विमा संपतो, म्हणून कुटुंबाचा स्वतंत्र विमा पहिल्याच महिन्यात घ्यावा. गृहकर्जाचा हप्ता थकण्याआधी बँकेत जाऊन बोलावे, थकल्यावर नव्हे. आणि घरी सांगावे. सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारी आणि दिवसभर बागेत बसणारी माणसे मला भेटली आहेत. त्यांचा अर्धा जीव ते लपवण्यातच जातो.

आमचा मुलगा वर्षभर घरी आहे. आम्ही आई-वडिलांनी काय करावे?

‘अमक्याचा मुलगा लागला’ हे वाक्य घरात बोलणे थांबवावे. मुलाखत देऊन आल्यावर ‘झाले का?’ असे न विचारता ‘काय काय विचारले?’ असे विचारावे. त्याने त्याची उजळणी होते आणि तो पुन्हा बोलता होतो. महिन्याचा प्रवासखर्च, परीक्षा शुल्क आणि मोबाइलचे रिचार्ज यांसाठी ठरावीक रक्कम न मागता द्यावी, कारण पन्नास रुपयांसाठी हात पसरण्याच्या संकोचाने मुले मुलाखतीला जाणे टाळतात. लग्नकार्याला यायला तो नको म्हणाला तर आग्रह करू नये. मुलींच्या बाबतीत ‘नोकरी नाही तर लग्न’ अशी मुदत घालू नये. मात्र जेवण सुटणे, रात्र रात्र झोप नसणे, मित्रांचे फोन न घेणे, ‘माझा काही उपयोग नाही’ असे वारंवार म्हणणे, यांतले काही आठवड्यांहून अधिक काळ दिसले तर त्याला नाटक समजू नये. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र सुरू असतो आणि त्यावर मराठीतून बोलता येते. पहिला फोन त्याने करायला हवा असे नाही; तो तुम्हीही करू शकता.